तीन क्रेटांवरचा आवाज

शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास पापा एकांगांच्या गिटारचा आवाज गेला.

गिटार शाबूत होती. तारा नव्या होत्या, अँप्लिफायरचा लाल दिवा लागला होता, आणि बोटं तीच होती, ज्यांची नक्कल अर्धं किन्शासा करतं. पण जो आवाज यायला हवा होता तो येत नव्हता. पत्र्याच्या डब्यावर चमचा आपटावा तसं काहीतरी येत होतं. आवारात सगळा ऑर्केस्ट्रा जमला होता. ब्रसेल्सहून खास ध्वनिमुद्रणासाठी आलेला ओमेर कानाला हेडफोन लावून बसला होता. कुंपणापलीकडे निम्मी गल्ली उभी होती. सगळ्यांनी ऐकलं.

"गरम होऊ दे अँप," एकांगा म्हणाले.

अँप गरम झाला. चमचा वाजतच राहिला.

हा आवाज म्हणजे काय, हे आमच्या बांदाल वस्तीत कुणाला समजावून सांगावं लागत नाही. गोड, जरासा खरखरीत, हसून हसून बसलेल्या गळ्यासारखा. गाण्याचे शब्द संपून नुसत्या गिटारींचा नाच सुरू होतो, त्याला आमच्याकडे सेबेन म्हणतात. त्या सेबेनमध्ये एकांगांची सोलो गिटार शिरली की तोंडाशी बाटली नेलेला माणूस ती तशीच हवेत धरून उभा राहतो. दुसऱ्या वस्त्यांत फुटबॉलपटू आहेत, मंत्री आहेत. आमच्या गल्लीत हा आवाज आहे.

तो सहज मिळालेला नव्हता. एकांगांनी ऐन तारुण्यापासून त्याचा शोध घेतला. अँप आंब्याच्या फांदीला टांगून पाहिला, पाण्याच्या रिकाम्या पिंपात उतरवून पाहिला, एकदा बायकोच्या, म्हणजे मा व्हेरोच्या पलंगाखाली सरकवून पाहिला. त्यानंतर काही दिवस ते स्वतः बाहेर झोपले. शेवटी एका संध्याकाळी बिअरचे तीन क्रेट एकावर एक रचून, अँपचं तोंड भिंतीकडे करून, वर मा व्हेरोचं फुलाफुलांचं लुगडं टाकून त्यांनी तार छेडली, आणि आवाज आला. त्या दिवसापासून क्रेट कुणी हलवायचे नाहीत असा नियम झाला. लुगडं मा व्हेरोने मेलं असं धरलं.

त्यांचा जुना चेला लिकिंडा मधल्या काळात दोन गायक आणि ढोलवाला घेऊन फुटला होता. त्यात विशेष काही नाही. आमच्या शहरात न फुटलेला ऑर्केस्ट्रा अजून नावारूपाला आलेला नाही असंच समजतात. लिकिंडाने त्याच बिअरचे तीन क्रेट आणले, तशाच रिकाम्या बाटल्या भरल्या, तशाच फुलांचं कापड शोधलं. आवाज आला नाही. एकांगा त्यानंतर चालताना हनुवटी जरा वर ठेवू लागले.

ओमेर आला होता तो या आवाजासाठी. गुरुवारी त्याने एकांगांना शहराच्या गोंबे भागातल्या एका वातानुकूलित स्टुडिओत नेलं. तिथे स्वतंत्र जनरेटर होता, गुळगुळीत फरशी होती आणि आवाज नव्हता.

"या फरशीला गाणं कळत नाही," एकांगा म्हणाले. "माझ्या आवारात ये, बाळा. तिथे ऐक."

ओमेरकडे शनिवार मोकळा होता. शनिवारी जमलं नाही तर रविवारी तो लिकिंडाला ध्वनिमुद्रित करून परत जाणार होता. हे त्याने नम्रपणे सांगितलं, आणि एकांगांना रात्रभर झोप लागली नाही.

आवारात एकच अडचण होती. समोर बोकेलो वेल्डरचं दुकान. त्याचं वेल्डिंग दिवसभर कर्र कर्र चाले आणि एकांगा दिवसभर त्याला शिव्या देत. तो इथे राहायला आला तेव्हापासून त्यांनी रस्ता ओलांडून त्याच्या दारात पाय ठेवला नव्हता. शुक्रवारी गल्लीप्रमुखाने दोघांना आपल्या अंगणात बसवलं.

"उद्या एक दिवस दुकान बंद ठेव," गल्लीप्रमुख म्हणाला. "गल्लीच्या इज्जतीचा प्रश्न आहे."

"ठेवतो की," बोकेलो म्हणाला. "पण गाण्यात माझं नाव घ्यायचं."

गाण्याच्या मध्येच आश्रयदात्यांची नावं पुकारण्याची आमच्याकडे रीत आहे. एकांगांचा चेहरा कडू झाला.

"आम्ही मंत्र्यांची नावं घेतो. हिरेवाल्यांची घेतो. वेल्डरचं नाव कसं घेणार?"

"त्यांचं घेता तसंच. तोंडाने."

शेवटी एकदा, हळू आवाजात, असं ठरलं.

तर शनिवारी गल्ली शांत होती. बोकेलो हळदी रंगाचा सूट, जांभळा टाय आणि पांढरेशुभ्र बूट घालून बंद दुकानासमोर खुर्चीवर बसला होता आणि आपल्या नावाची वाट पाहत होता. आणि नेमक्या या शांततेत आवाज गेला होता.

शोध सुरू झाला. क्रेट फिरवून पाहिले. बाटल्या मोजल्या, एक कमी निघाली, ती शेजारून आणून बसवली. चमचा वाजला. मग एकांगांचं लक्ष लुगड्याकडे गेलं.

"हे असं चकचकीत का दिसतंय?"

"पाहुणे येणार म्हणून धुतलं," मा व्हेरो म्हणाली.

"धुतलंस?"

"मग? परदेशातून माणूस आलाय. त्याच्यापुढे तसलं कळकट ठेवायचं?"

"अगं बाई, तू धूळ धुतलीस की माझा आवाज धुतलास?"

लुगडं अंगणात लोळवण्यात आलं. बासवाल्याने ते पायाखाली तुडवलं, नव्या ढोलवाल्याने त्यावर चुलीची राख टाकली. मा व्हेरो हाताची घडी घालून पाहत राहिली. लुगडं परत अँपवर चढलं. एकांगांनी डोळे मिटून तार छेडली. आता राखेत बुडवलेला चमचा वाजला, एवढाच फरक.

बातमी फुटायला वेळ लागत नाही. तासाभरात लिकिंडा स्वतः दारात हजर झाला. अंगाला भरपूर अत्तर, चेहऱ्यावर भरपूर दुःख.

"पापा, ऐकून राहवलं नाही," तो म्हणाला. "मनाला लावून घेऊ नका. वय झालं की दात जातात, कान जातात. आवाज तरी किती दिवस थांबणार?"

"आत ये, बस," एकांगा म्हणाले. "तोंड बंद करून बसता येत असेल तर."

लिकिंडा आत येऊन चांगल्या खुर्चीत बसला. ओमेरने घड्याळाकडे पाहिलं. एकांगांनी ते पाहणं पाहिलं.

तेवढ्यात रस्त्यावर चिक्वांग विकणाऱ्या बाईची हातगाडी बोकेलोच्या दुकानासमोरच मोडली. चाकाचा दांडा तुटून पानात बांधलेले कसाव्याचे मुटके धुळीत गडगडले. बाईने बोकेलोकडे पाहिलं.

"आज बंद आहे," बोकेलो म्हणाला. "आज मी गाण्यात आहे."

"गाण्यात राहा नाहीतर न्हाणीत राहा. माझा माल उन्हात नासतोय, त्याचं काय?"

बोकेलोने इकडेतिकडे पाहिलं. मग उठला, मशीन चालू केली, सूटच्या बाह्या सावरल्या आणि दांड्याला एकच टाका मारला. एक निळी ठिणगी. एक कर्र.

त्याच क्षणी एकांगांच्या ओसरीवरचा दिवा मंद झाला आणि त्यांची बोटं नैराश्याने तारेवरून घसरली. अँपमधून आवाज आला. तो आवाज. बसक्या गळ्याने हसल्यासारखा एकच सूर आवारभर पसरला आणि टाका संपला तसा विझला.

ढोलवाल्याच्या हातातून राखेचं घमेलं पडलं.

"परत," ओमेर कुजबुजला. "परत वाजवा."

एकांगांनी वाजवलं. चमचा.

"मला वाटलंच," मा व्हेरो म्हणाली. "तो मेला काम करायला लागला की माझी इस्त्रीसुद्धा गार पडते."

मग सगळ्यांच्या डोक्यात एकदमच प्रकाश पडला. आमच्या गल्लीची वीज मुळात अशक्त. बोकेलोची मशीन सुरू झाली की उरलीसुरलीही ती ओढून घेते. अर्धपोटी राहिलेला जुना व्हॉल्व्हचा अँप मग ओरडायचं सोडतो आणि गायला लागतो. क्रेट, बाटल्या, भिंत, लुगडं यांचा काही संबंध नव्हता. बोकेलोने समोर दुकान मांडलं त्याच मोसमात आवाज आला होता, हे गल्लीप्रमुखाने बोटांवर मोजून सांगितलं. एकांगांनी त्याला मोजणं थांबवायला सांगितलं.

गिटार खाली ठेवून ते उठले. टोपी सरळ केली. दारातून बाहेर पडले आणि रस्ता ओलांडू लागले. कुंपणाकडची गर्दी बाजूला झाली. बोकेलो घाईघाईने मशीनपासून दूर सरकला.

"पापा, एकच टाका मारला हो. बाई अडली होती. आता खोकणारसुद्धा नाही."

"बोकेलो, वेल्डिंग कर."

"काय करू?"

"वेल्डिंग. गाणं संपेपर्यंत. थांबायचं नाही."

बोकेलोने गल्लीप्रमुखाकडे पाहिलं, मग जमलेल्या लोकांकडे पाहिलं, मग अगदी सावकाश खुर्चीवर बसून पायावर पाय टाकला.

"काल मी गोंगाट होतो," तो म्हणाला.

"होतास."

"आज?"

एकांगांनी मागे वळून पाहिलं. रस्त्यापलीकडे आपल्या आवारात चांगल्या खुर्चीवर लिकिंडा बसलेला त्यांना दिसत होता.

"आज तू ऑर्केस्ट्रात आहेस," ते म्हणाले.

हे वाक्य गल्लीने ऐकलं, त्यामुळे ते परत घेता येणार नव्हतं. बोकेलोने अटी सांगितल्या. नाव दोनदा घ्यायचं. सेबेनच्या तोंडाशी घ्यायचं. मंत्र्याचं घेतात तितक्याच मोठ्याने घ्यायचं. आणि सूट निघणार नाही, कारण फोटो निघणार होता.

"ठिणग्यांनी भोकं पडतील की," मा व्हेरो म्हणाली.

"मावशी, भोकं पडलेला सूट रफू करता येतो. फोटोत बनियनवर आलो तर माझ्या सूटवाल्या मंडळींना तोंड कसं दाखवू?"

मा व्हेरोने अँपवरचं राखेने माखलेलं लुगडं ओढून काढलं आणि त्याच्या कमरेला बांधलं. एकांगांनी त्याला हरकत घेतली नाही.

पुढची अडचण लोखंडाची होती. वेल्डिंग कशाचं तरी करावं लागतं, आणि आमची गाणी लांब असतात. पहिल्या खेपेला बोकेलोने गाडीचा दांडा पुरा केला आणि सेबेन सुरू होण्याआधीच काम संपलं. ओमेरने हात वर केला. पुन्हा पहिल्यापासून. दुसऱ्या खेपेला मा व्हेरोच्या शेगडीची जाळी आली. तिला आता जाळीच राहिली नाही, सगळं एकसंध झालं, तरी गाणं उरलंच होतं.

"अजून लोखंड!" एकांगा ओरडले. "काहीही आण!"

"संपलं, पापा!"

"मग समोर दिसेल ते जोड!"

तिसऱ्या खेपेला बोकेलो लांब वायर घेऊन एकांगांच्या फाटकाशी आला. ओमेरने कानातला हेडफोन दाबला.

"पापा, मागे कर्र कर्र ऐकू येतंय."

"येणारच. आम्ही डासांच्या औषधाचा डबा हलवून ताल धरणारी माणसं आहोत," एकांगा म्हणाले. "ते वाद्य आहे. धर."

गाणं सुरू झालं. दिवा मंद झाला. गायकांनी शब्द संपवले, आणि एकांगांनी पुढे होऊन, मान वर करून, सगळ्या बांदालला ऐकू जाईल असं दोनदा पुकारलं, "बोकेलो! वीजवाला बोकेलो!" मग सेबेन सुटला. त्या दुपारी तो आवाज ज्यांनी ऐकला ते अजून त्याबद्दल बोलताना आधी हातातली बाटली खाली ठेवतात. चिक्वांगवाली गाडीचा दांडा धरून नाचत होती. फाटकाशी निळ्या ठिणग्यांत हळदी सूट कमरेतून डोलत होता. लिकिंडा तोंड बंद करूनच बसला होता, पण त्याची डाव्या हाताची बोटं मांडीवर तेच सूर दाबत होती. गाणं संपलं तेव्हा तो उभा राहिला.

"पापा," तो म्हणाला, "आवाज आहे."

"माहीत आहे," एकांगा म्हणाले.

लिकिंडा मान खाली घालून फाटकाशी गेला आणि त्याने ते ढकललं. फाटक हललं नाही. दोन्ही कवाडं वरपासून खालपर्यंत उत्तम जोडली गेली होती. कुठे फट नव्हती. बोकेलोने आपल्या कामावरून अभिमानाने हात फिरवला.

"गाणं लांब होतं," तो म्हणाला.

त्या दिवशी सगळे कुंपणावरून उतरले. ओमेर यंत्रं डोक्यावर घेऊन उतरला आणि रविवारी लिकिंडाकडे न जाता परत गेला. फाटक नंतर बोकेलोनेच कापून मोकळं केलं.

गाणं आता बारमध्ये वाजतं. ते लागलं की बोकेलो, जिथे असेल तिथे, उभा राहतो. दुकानावर त्याने 'वीजवाला बोकेलो' अशी नवी पाटी लावली आहे. तालमींना तो वेळेवर येतो आणि इतरांनीही यावं असा त्याचा आग्रह असतो. लिकिंडाने माटोंगेत दोन वेल्डरांच्या मधली खोली घेतल्याचं कळतं; तिथे आवाज जरा जास्तच बसका येतो म्हणे.

गेल्या सोमवारी वीज कंपनीचा ट्रक आला आणि गल्लीच्या तोंडाशी नवा, भलामोठा ट्रान्सफॉर्मर उतरवून गेला. यापुढे कुणाचा दिवा मंद होणार नाही, असं अधिकाऱ्यांनी सांगितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. गल्लीप्रमुखाला भाषण करताना हुंदका आवरेना. बुधवारी एकांगा आणि बोकेलो दोघेही सूट घालून वीज कंपनीच्या कचेरीत जाऊन आले. तिथे काय बोलणं झालं, ते दोघेही सांगत नाहीत. ट्रान्सफॉर्मर अजून जोडलेला नाही. उद्घाटनाला पापा एकांगांनी आपल्या त्या प्रसिद्ध आवाजात वाजवावं, असं गल्लीचं निमंत्रण काल त्यांच्याकडे गेलं. त्यांनी ते घेतलं, आभार मानले, आणि आत जाऊन फाटक लावलं.