कुटाराच्या फरशा

सिमेंटचं परमिट मागायला आलेल्या माणसाला आधी ‘घरी कुटार किती आहे?’ असं विचारणारा कारकून अख्ख्या महाराष्ट्रात एकच असावा, आणि तो मलकापूरच्या आमच्या कचेरीत माझ्याच शेजारच्या टेबलावर बसत असे. बाबाराव.

राज्य नवं होतं, सिमेंट परमिटवर मिळे. लोक हेलपाटे घालून दमून येत आणि बाबाराव त्यांना तुरीच्या कुटाराचे, म्हणजे मळणीनंतर उरणाऱ्या भुशाचे, गुण ऐकवत. “निस्तं शिमिट काऊन नासता भाऊ? अर्धं कुटार घाला. ढोराले पचते, मंग भिंतीले काऊन पचणार नाही?” अर्जदार हात जोडत. बाबारावांना वाटे, पटलं.

घरी कुटार, भुईमुगाची टरफलं, पऱ्हाटीचा म्हणजे कपाशीच्या काड्यांचा भुगा चुन्याच्या निवळीत भिजत पडलेला असे. वास असा, की पाहुणे उभ्याउभ्याच चहा घेऊन निघत. त्या मालाच्या ते फरशा ओतत. एक साहेबांना दाखवायला नेली. साहेबांनी उचलली, तर कोपरा हातात आला. “हलकी आहे ना साहेब?” बाबारावांनी कौतुकाने विचारलं. धन्य ते संशोधन!

त्यातच त्यांच्या पत्नीची, आमच्या वहिनींची, दृष्टी गेली. परसात पडून मनगट मोडलं, तेव्हापासून त्या उंबरठा ओलांडेनात. कुणी हात धरून न्यावं, हे त्यांना सोसत नव्हतं. अशा वेळी शहाणा माणूस परसात सपाट शहाबादी बसवतो. बाबारावांनी आपल्या खरबरीत फरशा बसवल्या, त्याही तीन तऱ्हेच्या! मला संतापच आला.

“वहिनींना पुन्हा पाडायचंय का?”

“बस बे गुमान. पाह्य.”

वहिनी अनवाणी बाहेर आल्या. तळवा टेकवून थबकल्या. “हे कुटार... म्हंजे मोरी इकडं.” चार पावलं. “टरफलं लागली. आता दोरी.” ओलं लुगडं त्यांनी स्वतः दोरीवर टाकलं. मग पुढं सरकल्या, पऱ्हाटीचा भुगा पायाला लागताच थांबल्या. “हाव, इथून पुढं विहीर.” आणि वळल्या.

माझा राग कुठल्या कुठे गेला. लाज तेवढी उरली. बाबाराव माझ्याशेजारी मांडी घालून बसले होते. त्यांच्या पायांचे तळवे सोलवटले होते.

“हे काय?”

“पहाटे ती झोपली राहे, तवा डोयाले उपरणं बांधून चालत होतो,” ते कुजबुजले. “कुठं बोचते ते पायाले समजे, मंग तेवढं घासून काढो. तिले सांगू नको बे.”

दोरीजवळून वहिनींनी विचारलं, “काय सांगू नको, भाऊजी?”