खराडे सरांचा डावा पाय मिरजेला जातो

मंगळवारी सकाळी खराडे सरांचा डावा पाय, सरांना न विचारता, मिरजेला डॉक्टरांकडे निघून गेला. जाताना त्याने डावी चप्पल तेवढी नेली. उजवी दारात होती तशीच होती, त्यावरून सरांनी ताडलं की ही चोरी नव्हे. चोर दोन्ही नेतो.

सर पलंगावर उठून बसले, पायजमा जरा वर केला आणि समोरच्या आरशात पाहिलं. घोट्यापर्यंत सगळं जागच्या जागी होतं. घोट्याखाली फरशी दिसत होती.

"अगं, माझा डावा पाय कुठे आहे?"

"सकाळच्या गाडीने मिरजेला गेला," कलावतीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "चहा विचारला तर नको म्हणाला. उपाशीपोटी तपासणी असते म्हणे."

"आणि तू जाऊ दिलास?"

"पाय तुमचाच आहे. तुमच्या घरात कुणी निघाल्यावर कुणाचं ऐकतं का?"

खराडे सर तासगावच्या शाळेत आयुष्यभर कवायत शिकवून निवृत्त झाले होते. त्यांची सगळी विद्या दोन शब्दांत मावत असे: नजर समोर. मुलगा पडला तरी नजर समोर, मधमाश्या उठल्या तरी नजर समोर. स्वतः सरांनी तर नोकरीला लागल्यापासून खाली पाहिलेलं नव्हतं. त्यामुळे त्यांची मान फार ताठ राहिली होती आणि त्यांच्या पायांशी त्यांची ओळख मुख्यतः ऐकीव होती.

येत्या रविवारी सरांच्या पंचाहत्तरीचा सोहळा होता. जुने विद्यार्थी शाळेच्या मैदानावर जमणार, सर पुढे होऊन सगळ्यांना संचलन करत मैदानाची फेरी घडवणार, आणि मग सगळे रांगेने सरांच्या पाया पडणार, असा कार्यक्रम ठरला होता. संचलन डाव्या पायाने सुरू होतं. तो नसला तर उजव्याने सुरू करा, असं कवायतीच्या कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. सरांनी सगळी पुस्तकं मनातल्या मनात चाळून पाहिली.

पाय असा अचानक का गेला, याचा विचार करण्याची सरांना सवय नव्हती. तरी एक गोष्ट आठवली. डाव्या करंगळीच्या खाली तळव्याला बरीच वर्षं एक कुरूप होतं. ते सर अधूनमधून दाढीच्या ब्लेडने तासत. महिन्यापूर्वी त्यांनी त्याचा कायमचा निकाल लावायचं ठरवलं आणि सुईला बिबा टोचून, तो दिव्यावर धरून, त्याचा चटका अंदाजाने कुरुपावर दिला. बिब्याचा चटका बसला की चांगला दणकट माणूसही घरभर नाचतो. सर नाचले नाहीत. त्यांना काही कळलंच नाही. सरांना मधुमेह होता, पण याचं श्रेय त्यांनी शिस्तीला दिलं आणि आठवडाभर गल्लीत सगळ्यांना सांगितलं की आपण हूं की चूं केलं नाही.

दहाच्या सुमाराला बबन माळी पिकअप घेऊन आला. बबन सरांचा विद्यार्थी आणि सोहळ्याचा मुख्य कार्यकर्ता. त्याचं द्राक्षांच्या औषधांचं दुकान होतं आणि कुठल्याही रोगावर फवारणी असते अशी त्याची श्रद्धा होती.

"सर, पायाला फोन लावून बघितला का?"

"पायाकडे फोन कशाला असेल? डोकं आहे का तुला?"

"डोकं हाय की सर. पाय न्हाई, तो तुमचा."

सर एका पायावर आणि बबनच्या खांद्यावर मिळून पिकअपमध्ये चढले. वाटेत त्यांनी एसटी स्टँडवर चौकशी केली. तिथल्या कंट्रोलरला सगळं माहीत होतं. पाय रांगेत नीट उभा होता, म्हणाला. वाहकाने आधी त्याला सामान धरलं, पण चप्पल घातलेल्याला सामान धरता येत नाही. मग तिकिटाचा प्रश्न आला. पाय म्हणाला, मी पंचाहत्तरीचा आहे, मला प्रवास मोफत. वाहकाने आधार कार्ड मागून पाहिलं नाही, कारण चेहरा कशाशी जुळवायचा हा प्रश्नच होता.

"बसायला जागा मिळाली का त्याला?" सरांनी विचारलं.

"एका कॉलेजच्या पोरीनं दिली. आधी पाया पडली, मग उठली."

मिरजेला डॉ. शाहीन मुजावर फक्त पाय तपासत. त्यांच्या दवाखान्यात बाकावर बरीच मंडळी बसली होती, काही सबंध आणि काही नुसतेच पाय. सरांचा पाय कोपऱ्यातल्या स्टुलावर होता. चप्पल त्याने शिस्तीत बाहेर काढून ठेवली होती.

"सावधान," सर दारातूनच म्हणाले.

पाय सवयीने ताठ झाला. मग पुन्हा टेकला. "बसूनच सावधान आहे, सर."

पाय बोलतो तेव्हा आवाज जरा खालून येतो, एवढंच. बाकी बोलणं साधं असतं.

"घरी चल. रविवारी संचलन आहे."

"म्हणून तर आज आलो."

"तुला होतंय काय?"

"काहीच होत नाही. तेच दाखवायला आलोय."

"काही होत नसताना दवाखान्यात येतात का?"

"सर, एक विचारू? सावधान म्हटलं की आपटायचं कुणी? मी. विश्राम म्हटलं की उचलायचं कुणी? मी. हा उजवा आयुष्यभर खांबासारखा उभा. याला कुरूप येईल कसं?"

उजवा पाय तिथे हजर होता. तो काही बोलला नाही. त्याची नोकरी अशीच झाली होती.

"दुखत होतं तर सांगायचंस," सरांचा आवाज थोडा खाली आला.

"दुखलं असतं तर तुम्हालाही कळलं असतं. बिबा लावलात तेव्हा मला वाटलं, शेजारच्याला लावताय."

बबन मध्ये पडला. "पण एवढी माणसं रोज सरांच्या पाया पडत्यात. काही असतं तर एखाद्याला दिसलंच असतं की."

"तूही पडतोस," पाय म्हणाला. "वाकतोस, हात लावतोस, डोळे मिटतोस आणि वर बघून आशीर्वाद मागतोस. मी कसा दिसतो सांग बरं."

बबनने आठवून पाहिलं. "गोरा," तो म्हणाला.



तेवढ्यात नंबर लागला. डॉक्टरांनी तिघांना आत घेतलं आणि पायाला जागेवर बसायला सांगितलं. "तपासणी जोडून करावी लागते," त्या म्हणाल्या. "नाहीतर लागलं एकाला आणि विचारलं दुसऱ्याला, असं होतं." पाय जागेवर बसला. सरांना त्याने काही फरक पडल्यासारखं वाटलं नाही, आणि हे त्यांनी मोठ्याने सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली.

"सर, डोळे मिटा. मी या नायलॉनच्या धाग्याने तळव्याला स्पर्श करीन. लागलं की 'हो' म्हणायचं."

सरांनी डोळे मिटले. ते कान देऊन, श्वास रोखून, परीक्षेला बसल्यासारखे बसून राहिले. बाहेर कुणाचा तरी नंबर पुकारला गेला. कुठेतरी पंखा कुरकुरत होता.

"सुरू कधी करताय?" सरांनी विचारलं.

"झालं," डॉक्टर म्हणाल्या.

सरांनी डोळे उघडले. बबन भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होता. डॉक्टरांनी टेबलावरचा हातआरसा उचलून तळव्याखाली धरला.

"बघा."

सरांची नजर समोर होती. समोर भिंत होती. ती हळूहळू वर गेली, म्हणजे सरांनी मान खाली घातली. कित्येक वर्षांनी वाकलेल्या त्या मानेचा आवाज बाहेरच्या बाकापर्यंत गेला.

कुरुपाच्या जागी एक खड्डा होता. त्याच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या, भोवती लाली होती आणि आतून पाणी सुटत होतं. महिनाभर सर त्याच्यावर चालत होते.

"ज्यांचं दुखतं ते वेळेवर येतात," डॉक्टर म्हणाल्या. "ज्यांचं दुखत नाही ते उशिरा येतात, आणि मला धास्ती त्यांचीच. मधुमेहात पाय मुका होतो. तुमचा निदान चालता तरी आहे."

"जाणार का हो?" सरांनी विचारलं. पाय जाणार का असं त्यांना विचारायचं होतं, पण तो समोरच असल्यामुळे त्यांनी वाक्य तिथेच सोडलं.

"आधी एक्स-रे काढू. हाडापर्यंत पोचलं असेल तर करंगळीचं सांगता येत नाही."

एक्स-रे निघेपर्यंत सर आणि पाय शेजारी शेजारी बसल्यासारखे बसले. सरांनी पायाला कधी काही विचारलं नव्हतं, त्यामुळे सुरुवात कशी करायची हे त्यांना कळेना.

"एकटाच आलास?" शेवटी ते म्हणाले.

"बाईसाहेबांच्या दोन्ही पायांना विचारलं होतं. भांडी झाली की बघू, म्हणाले."

फोटो आला. हाड बचावलं होतं. सरांनी खाली पाहिलं, आणि पायाने अंगठा जरासा हलवला. डॉक्टरांनी जखम साफ करून पट्टी बांधली, गोळ्या दिल्या, आणि पुढचा भाग अधांतरी ठेवणारी एक विचित्र सँडल दिली. चालणं घरातल्या घरात, तेही टाचेवर. साखर ताब्यात. ब्लेड आणि बिबा बंद. दर दोन दिवसांनी दाखवायला यायचं.

"संचलन?" सरांनी विचारलं.

"नाही."

"एकच फेरी. हळू."

डॉक्टरांनी पायाकडे पाहिलं.

"मी पुन्हा गाडी पकडीन," पाय म्हणाला.

रविवारी सर व्यासपीठावर खुर्चीत बसले. मैदानावर जुने विद्यार्थी उंचीप्रमाणे उभे होते, जरी आता त्यांना रुंदीप्रमाणे उभं करणं जास्त सोयीचं झालं असतं. हार झाले, भाषणं झाली. संचलन रद्द झाल्यामुळे थेट पाया पडण्याची वेळ आली आणि पहिला मान बबनचा होता. तो वाकला.

"थांब," सर म्हणाले. त्यांनी माईक ओढून घेतला. "सगळ्यांनी चपला-बूट काढा. सावधान. आपटू नका. आता, नजर खाली."

असा हुकूम त्या मैदानाने कधी ऐकला नव्हता. रांग गोंधळली. मग एकेक मान वाकली. काहींना मध्ये पोट आल्यामुळे स्वतःचे पाय दिसेनात. त्यांनी शेजाऱ्याचे पाहिले आणि शेजाऱ्याने त्यांचे. बँकेतल्या गायकवाडच्या बोटांवर निमुळत्या बुटाने कुरुपांची माळ घातली होती. हवालदार पठाणच्या अंगठ्याचं नख मांसात रुतून बसलं होतं. द्राक्षवाल्यांच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होत्या.

"कुरुपाला ब्लेड लावणाऱ्यांनी डावा हात वर करा," सर म्हणाले. "मधुमेह असणाऱ्यांनी उजवा."

काहींचे दोन्ही हात वर गेले. ते दरोडा पडल्यासारखे उभे राहिले.

"तुम्ही उद्याच मिरजेला जायचं. बाकीच्यांत ज्यांची जखम भरत नाही, पाय बधिर वाटतो, एकाच पायाला सूज किंवा लाली आहे, त्यांनीही. ज्यांची टाच सकाळी पहिलं पाऊल टाकताना दुखते त्यांनी महिनाभर वाट पाहायची परवानगी आहे. त्याहून जास्त नाही."

"जातो की सर," बबन म्हणाला. त्याचे दोन्ही हात अजून वर होते. "एवढा द्राक्षाचा हंगाम उरकू द्या."

"मलाही लग्नसराईनंतर जमेल," गायकवाड म्हणाला. सगळ्यांनाच नंतर जमणार होतं.

सोमवारी सकाळी तासगाव आगाराने मिरजेला एक जादा गाडी सोडली. गाडी खच्चून भरली होती आणि खिडकीतून बाहेर डोकावणारं कुणी नव्हतं. बबनचा फोन आला की दुकान उघडायला खाली उतरायचं आहे, पण कशावर उतरू, ते कळवावं.

सरांनी त्याला वर बसून राहायला सांगितलं. मग हाक मारली, "अगं, चहा."

कलावतीबाई पलंगावर बसल्या होत्या. नऊवारीचा काठ पलंगाच्या कडेपर्यंत आला होता आणि त्याखाली फरशी दिसत होती.

"आज तुम्ही करा. ते दोघे पहाटेच गेले."

"दोन्ही?"

"भेगा दोन्ही टाचांना आहेत. एकाने राबायचं आणि एकाने उभं राहायचं, ही पद्धत माझ्याकडे नाही."

सरांनी सँडल चढवली. नजर खाली ठेवून, टाचेवर भार देत ते स्वयंपाकघरात गेले. ही खोली घराच्या मानाने बरीच मोठी आहे, असं त्यांच्या लक्षात आलं. पातेलं सापडलं, चहापूड सापडली, दूध तर समोरच होतं.

"साखर कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"ती तुम्हाला सांगायची नाही असं ठरलंय."

"कुणाचं?"

"माझं आणि डाव्याचं."

सरांनी खाली पाहिलं. डावा पाय नजर समोर ठेवून उभा होता.