गरुड एक की दोन

इजिप्तमधल्या दमनहूरच्या बस डेपोतले चालक उस्ता रिफअत यांना मार्चपासून समोरून येणारी प्रत्येक बस दुहेरी दिसू लागली. ते दोन्ही बसना वाट देत, त्यामुळे अपघात झाला नाही. फक्त उशीर झाला. उशिराची तक्रार आल्यावर त्यांचे डोळे तपासण्यात आले.

"दोन्ही डोळे उत्तम आहेत," डॉक्टर नश्वा म्हणाल्या. "फक्त एकमेकांशी जुळवून घेत नाहीत. ही दोरी, हे तीन मणी. टोक नाकाला लावायचं आणि एकेका मण्यावर नजर ठेवायची. बारा आठवडे."

"आणि माझी बस?"

"दाखल्यावर गरुडाचा सरकारी शिक्का पडला की."

आठवडा पहिला. व्यायाम झाल्याचा पुरावा काय? घरी बायको बघत होती. पण बायकोकडे शिक्का नसतो. शिक्का कचेरीतल्या मादाम इब्तिहाल यांच्याकडे होता. त्यांनी रोज समोर बसून मणी बघावा, असं ठरलं.

आठवडा चौथा. मादाम खरंच बघतात का, हे बघायला सफवत आणि वहबी हे दोन निरीक्षक नेमले. मणी लहान, म्हणून सगळे जवळून बघत.

"बाशासाहेब, जरा मागे सरका की! काल फसीख, तो खारवलेला कुजका मासा, खाल्लात ना?"

"नियम आहे, उस्ता. मणी नाकापासून एक वीत. आमच्याही."

आठवडा नववा. तिन्ही साक्षीदारांना कचेरीच्या पायऱ्या जास्त वाटू लागल्या. जिना जुना आहे, असा शेरा पडला.

आठवडा बारावा. रिफअतना बस एकच दिसली. डॉक्टरांनी 'बरे' लिहिलं. मादामनी शिक्का मारून कागद डोळ्यांपुढे धरला.

"एका दाखल्यावर दोन गरुड?"

"एकच आहे, मादाम."

"मला दोन दिसतात. सफवत?"

"दोन."

"वहबी?"

"दोन. अगदी ठळक."

"बघा. तिघांना दोन, तुम्हाला एक. बिघडलंय कोणाचं?"

रिफअत हसले. बाकी कोणी हसलं नाही.

"अहो, चोवीस वर्षं गाडी चालवलीत तुम्ही," मादाम मायेने म्हणाल्या. "'दोन दिसले' एवढं लिहा आणि किल्ली घ्या. नाहीतर पुन्हा बारा आठवडे."

शेरा: अर्जदारास दोन गरुड दिसले. दृष्टी निर्दोष. सही.

आता सकाळची बस वेळेवर सुटते. खोटं लिहून आलेला माणूस चालवतोय म्हणून तुम्ही उतरायला निघालात? जरूर उतरा. फक्त जाता जाता सांगा, तुमच्या रहिवासी दाखल्यावरच्या पत्त्यावर तुम्ही राहता ना?

बसा, बसा. मागे जागा आहे.