कोणाचा हात नको

आमच्या कोपरीतल्या गुप्तेकाकांना लग्नाचं आमंत्रण देताना लोक जरा विचार करतात. माणूस सज्जन, आहेर चोख, जेवणाला नावं ठेवणार नाहीत. पण हॉलमध्ये शिरले की त्यांची नजर नवरानवरीवर नसते, म्हाताऱ्यांवर असते. जेवणाच्या रांगेतून एखाद्या आजोबांना दंडाला धरून बाहेर काढायचं, मोकळ्या भिंतीपुढं उभं करायचं आणि गळ्यातला कॅमेरा सरसावायचा. "एक सिंगल होऊन जाऊ दे! मान सरळ. खांदे मोकळे. कोणाचा हात नको!"

हा सिंगल पुढं कशासाठी लागणार, हे सगळ्यांना ठाऊक असतं. आजोबांनाही.

डोंबिवलीला माझ्या भाचीच्या लग्नात त्यांनी मुलाकडच्या आजींनाच असं भिंतीला लावलं.

"अहो, मी अजून जेवायचेय," आजी म्हणाल्या.

"जेवा हो सावकाश. पण फोटो आधी. जेवल्यावर चेहरा सुस्तावतो."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलाकडची मंडळी बरेच दिवस आमच्याशी तोंड वाकडं करून होती. पुढं त्याच आजींनी निरोप पाठवून त्या फोटोची मोठी प्रत मागवली, ही गोष्ट वेगळी.

काकांचा स्टेशनजवळ छोटा स्टुडिओ होता. मोबाईल आले तसा तो बंद पडला, पण सिंगलचं वेड राहिलं. त्यातून घरच्या शालिनीकाकूही सुटल्या नाहीत. दर पाडव्याला काकू ओवाळायच्या आणि काका त्यांना भिंतीपुढं उभं करायचे. "ओवाळणी म्हणून मला हे मिळतं," काकू सगळ्यांना सांगायच्या. "एकदा हारही घालून बघा म्हणावं. जिवंतपणी कौतुक तरी पाहते!" यावर आम्ही सगळे हसायचो. काका कधी हसले नाहीत.

गेल्या कोजागिरीला गच्चीवर मी मोबाईलवर दोघांचा फोटो काढला. काकूंच्या हातात दुधाचा ग्लास, कशावर तरी त्या खळखळून हसत होत्या आणि काकांचा हात त्यांच्या खांद्यावर. काकांनी तो मोठा करून पाहिला आणि मोबाईल परत दिला. "वाया गेला. हात आलाय."

मी चिडलेच. "काका, नवऱ्याचा हात आहे तो! तुम्हाला हातांचं एवढं वावडं का?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. अगदी सुरुवातीला ते ठाण्यातल्या एका स्टुडिओत नोकरीला होते. काम एकच, फोटोवरून फोटो करायचा. घरातलं माणूस जायचं, त्याचा एकट्याचा फोटो नसायचा, मग लोक कुठल्या तरी लग्नातला ग्रुप घेऊन यायचे. त्यातला तेवढा चेहरा मोठा करायचा, शेजारची माणसं ब्रशनं घालवायची आणि मागं सगळं पांढरं करायचं. काकांचा हात यात फार चांगला बसला होता.

एकदा कोलशेतहून एक बाई आली. नवरा गेलेला. दोघांचा जत्रेत काढलेला एकुलता एक फोटो, त्यात तिचा हात त्याच्या खांद्यावर. काकांनी तिला घालवलं, तिचा हात घालवला, त्या जागी सदऱ्याच्या रेघासुद्धा हुबेहूब भरल्या. मालकानं शाबासकी दिली. बाईनं फ्रेम हातात घेतली आणि नवऱ्याच्या खांद्यावरून बोट फिरवत काकांना विचारलं,

"बाला, माजा हात कुठं गेला?"

"तेव्हापासून वाटतं," काका म्हणाले, "प्रत्येकाचा एक सिंगल काढलेला असावा. कोणाला कोणातून कापायची वेळ येऊ नये."

यंदा फेब्रुवारीत शालिनीकाकू झोपेतच गेल्या. मुलगी माधुरी कल्याणहून आली. तेराव्याला फोटो हवा म्हणून तिनं पाडव्याचे सगळे सिंगल टेबलावर मांडले. एकाहून एक सुरेख, मान सरळ, खांदे मोकळे. काका त्यांच्याकडे बघेनात. संध्याकाळी ते आमच्या दाराशी आले.

"तुझ्या मोबाईलमध्ये तो कोजागिरीचा आहे का गं अजून?"

मी फोटो पाठवला आणि त्यांच्याबरोबर घरी गेले. माधुरीनं तो पाहिला. "बाबा, यात तुम्हीपण आहात. जिवंत माणसाच्या फोटोला हार कसा घालायचा? आणि आईचे एवढे छान सिंगल आहेत की!"

"त्या सगळ्यांत ती एकटी आहे," काका म्हणाले. "दर पाडव्याला ती भिंतीपुढं आणि मी कॅमेऱ्याच्या मागं. शेजारी कधी उभाच राहिलो नाही गं मी."

माधुरी रडायलाच लागली. मलाही भडभडून आलं.

काका कॉम्प्युटरपुढं बसले आणि फोटोची कड हळूहळू आत घेऊ लागले. त्यांचं टक्कल गेलं, चष्मा गेला, झब्बा गेला. काकूंच्या खांद्यावरच्या हातापाशी येऊन ते थांबले.

तेराव्याला तोच फोटो लागला. दुधाचा ग्लास धरून काकू हसतायत आणि कडेनं आलेला एक हात त्यांच्या खांद्यावर आहे. हाराखाली तो झाकला जात होता, तेव्हा माधुरीनं उठून हार थोडा बाजूला सरकवला. भेटायला आलेले काकांचे एक जुने गिऱ्हाईक बराच वेळ फोटोकडे बघत होते. शेवटी ते काकांच्या कानाशी वाकून हळूच म्हणाले, "गुप्ते, तुमच्याकडून कशी झाली ही चूक? कोणाचा तरी हात राहिलाय यात."

"माझा आहे," काका म्हणाले. "राहू दे."