एकीचा फोटो

दातांच्या डॉक्टरांना त्या सकाळी स्वतःचं भाषण इतकं आवडलं, की घरी येईपर्यंत रिक्षात त्यांनी ते मनातल्या मनात पुन्हा एकदा ऐकून घेतलं. वॉर्डाची उमेदवारी आता खिशात पडल्यासारखीच होती. विरोधक घराघरांत फूट पाडतात, दुतोंडी आहेत, असं त्यांनी माईकवर ठणकावून सांगितलं होतं. मग आवाज जड करून म्हणाले होते, की माझा सख्खा धाकटा भाऊ विरोधी पक्षात आहे, तरी आम्ही एकाच टेबलाशी जेवतो. टाळ्यांचा कडकडाट झाला. पक्षाच्या अध्यक्षांनी डोळे पुसले आणि उद्याच फोटोग्राफर घेऊन चहाला येतो, असं जाहीर करून टाकलं.

दारात पाऊल ठेवताच डॉक्टर थबकले. बैठकीच्या खोलीच्या मधोमध सुतार प्लायवूडची भिंत ठोकत होता. सांगितली होती डॉक्टरांनीच. धाकटा टीव्हीवरच्या चर्चा मोठ्याने लावायचा ते त्यांना सोसत नव्हतं, आणि डॉक्टर टीव्हीला उलट उत्तरं द्यायचे ते धाकट्याला. एका टेबलाशी जेवणं तर कधीच बंद झालं होतं. दोघी जावा तेवढ्या एका स्वयंपाकघरात मजेत होत्या आणि नवऱ्यांना पाळीपाळीने वाढत होत्या.

"काढ ती," डॉक्टर सुताराला म्हणाले.

सुताराने तोंडातले खिळे हातात घेतले आणि भिंतीबरोबर फरशीही उखडेल, अशी सूचना दिली. उखडू दे, म्हणाले डॉक्टर. ती उखडली. खड्ड्यावर सतरंजी पसरली गेली.

आता धाकट्याला पटवायचं होतं. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. तो परतेपर्यंत डॉक्टरांनी घरभर इतक्या येरझाऱ्या घातल्या, की बायकोने त्यांना शेवटी मटार सोलायला बसवलं. धाकट्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"बाहेर एकीचं भाषण आणि घरात फळ्या. तुमच्या पक्षाचं हे असंच, दादा."

तुमच्या पक्षाने काय दिवे लावले, हे विचारायला डॉक्टरांनी तोंड उघडलं. बायकोने डोळे वटारले तसं मिटलं. धाकटा तयार झाला, पण आपल्या पक्षाचा बिल्ला छातीवर लावूनच बसणार होता.

दुसऱ्या दिवशी अध्यक्ष आले, सोफ्यावर विसावले, चहा आला. फोटोग्राफरला भावाभावांची मिठी हवी होती. दोघांनी जीव मुठीत धरून ती मारली. गालाला गाल लागला आणि धाकटा कळवळला.

"आ कर," डॉक्टर म्हणाले. सवयच ती. मोबाइलच्या उजेडात त्यांनी आत पाहिलं. दाढ नुकतीच कोणीतरी भरली होती, आणि तीही गवंड्यासारखी. कोणी भरली, असं त्यांनी दोनदा विचारलं.

"स्टेशनसमोरच्याने," धाकटा पुटपुटला.

डॉक्टरांचा चेहरा पडला. "पक्ष बदललास, मी काही बोललो नाही. पण दाढ? दाढ दुसऱ्याला दाखवलीस?"

धाकट्याने त्यांच्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. "आणि ही फ्रेम? वर्षभर बघतोय मी. माझ्या दुकानातली नाही ही."

मग काही शिल्लक राहिलं नाही. भिंत कोणाची, टीव्ही कोणाचा, ढोंगी कोण आणि घर फोडलं कोणी, सगळं अध्यक्षांच्या देखत निघालं. अध्यक्ष कप ठेवून हळूच दाराकडे सरकले, सतरंजीवरून. खड्ड्यात पाय गेला आणि ते वाटेतल्या स्टुलासकट आडवे झाले. फोटोग्राफर बिचारा नेमून दिलेलं काम करत राहिला.

फोटो सगळीकडे गेला: पुढे अध्यक्ष आडवे आणि मागे दोघे भाऊ, एकाच्या छातीवर बिल्ला. डॉक्टरांच्या पक्षाने त्यांच्यावर विरोधकांशी संगनमत केल्याचा ठपका ठेवला, आणि धाकट्याच्या पक्षाने त्याच्यावर तोच. उमेदवारी गेली, बिल्लाही गेला.

ती दाढ मात्र जागेवर होती आणि ठणकत होती. शेवटी गाल धरून धाकटा दवाखान्यात आला आणि खुर्चीत बसला. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, तोंडात कापूस कोंबला आणि दाढ कोरता कोरता मनात साचलेलं सगळं बोलून घेतलं: पक्ष, तत्त्वं, आईबाबांनंतरचं घर. मग कापूस काढला. सुन्न जिभेने धाकटा बोलायला लागला. बराच वेळ बोलला, खुर्चीच्या हातावर मूठ आपटून बोलला. डॉक्टरांना एक अक्षर कळलं नाही, पण त्यांनी त्याला मध्येच तोडलं नाही. तो थांबला तेव्हा त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला.

"चूळ भर," ते म्हणाले.