कायम करण्याबाबतचा संशयित मेल

विश्वास ही माणसाची मूलभूत गरज आहे. मात्र कार्यालयीन वेळेत ती थोडी आवरती घेतलेली बरी. जालना एमआयडीसीतल्या सोनकणीस बियाणे कंपनीला हे सत्य गेल्या वर्षी उमगलं. कंपनीच्या नावानं कुणी भामटा कर्मचाऱ्यांना मेल पाठवू लागला होता. मेलच्या शेवटी तो ‘तब्येतीला जपा’ असं लिहायचा. पहिली शंका आली ती तिथंच.

लगोलग दक्षता कक्ष स्थापन झाला. कॉम्प्युटर विभागाच्या इजहार साहेबांनी सगळ्यांना गोदामात, बियाण्यांच्या पोत्यांवर बसवून खोट्या मेलच्या खुणा सांगितल्या. त्यात घाई केलेली असते, एका लिंकवर दाबायला सांगतात, आणि बातमी आनंदाची असते.

“एवढं ध्यानात ठेवा,” साहेब म्हणाले, “आपली कंपनी तुम्हाला अचानक आनंदाची बातमी कधीच देणार न्हाई.”

यावर कुणालाही शंका विचारावीशी वाटली नाही.

सर्वांत मन लावून ऐकलं ते माल रवाना करणाऱ्या विभागातल्या अप्पारावांनी. ते परतूरहून रेल्वेनं ये-जा करत आणि कंत्राटी होते. त्यांना पुढच्या वर्षी कायम करायचं, हे कंपनीनं दरवर्षी न चुकता ठरवलं होतं. (कायम झाल्यावर घ्यायच्या म्हणून त्यांच्या बायकोनं, नंदाबाईंनी, ज्या वस्तू मनाशी योजल्या होत्या, त्यांतल्या काही आता बाजारात यायच्याच बंद झाल्या होत्या.) दक्षता दाखवली तर साहेबांच्या नजरेत येऊ, असा अप्पारावांचा साधा हिशेब होता.

त्यांनी संशयित मेल कक्षाला कळवायला सुरुवात केली. मालकांच्या दिवाळीच्या शुभेच्छा कळवल्या. कँटीनचा चहा सुधारल्याची सूचना कळवली (ती खरोखरच खोटी निघाली). ‘कळवल्याबद्दल आभारी आहोत’ असं कक्षाचं उत्तर आलं, तेव्हा कंपनी आभार मानत नाही हे ओळखून त्यांनी तेही कळवलं. त्या तिमाहीत कंपनीच्या मेलपैकी एकशे चार टक्के मेल संशयित ठरले. वरचे चार टक्के म्हणजे दोनदा कळवलेले.

अशात एका दुपारी मेल आला. ‘श्री. अप्पाराव, आपणांस सेवेत कायम करण्यात येत असल्याचे कळविण्यास आनंद होत आहे. आज पाच वाजेपर्यंत खालील लिंकवर संमती द्यावी.’

अप्पारावांनी मेल दोनदा वाचला. त्यांनी शेजारच्या टेबलावरून हिशेब विभागाच्या बेबीनंदाताईंना बोलावलं.

“ताई, बघा बरं हे.”

“घाई हाये, लिंक हाये, आनंद बी हाये,” बेबीनंदाताई म्हणाल्या. “अन् वरतून ‘श्री.’ लावलंय. आपल्याला हितं कोण ‘श्री.’ लावून राह्यलंय?”

“मलाबी तेच खटकलं.”

“तरी साहेबाला विचारून पाहा की.”

“आधी कळवायचं, मंग विचारायचं. नियम हाये.”

त्यांनी मेल कळवला आणि समाधानानं गाडी पकडली.

दुसऱ्या दिवशी इजहार साहेबांनी त्यांना बोलावलं.

“अप्पाराव, तो मेल असली होता. बिलकुल असली.”

“मंग देतो की संमती.”

“आता कशी? तुम्ही कळवला, कक्षानं खोटा ठरवला. खोट्या मेलवरून माणूस कायम कसा करणार?”

“पन साहेब, तुमच्याच हापिसातून आल्ता ना?”

“निघाला तेव्हा असलीच होता,” साहेब म्हणाले. “बाकी तुमच्या दक्षतेबद्दल वरचे खूश आहेत. प्रशस्तिपत्र येईल मेलवर.”

(तेही अप्पारावांनी कळवलं.)

त्याच आठवड्यात भामट्याचा नवा मेल आला. त्यात घाई नव्हती, आनंद तर नव्हताच. एकच प्रश्न होता: ‘इतकी वर्षं राबूनही आपली कुणी दखल घेत नाही, असं आपल्याला वाटतं का?’ खाली ‘होय’ आणि ‘नाही’. अप्पाराव बराच वेळ पाहत राहिले. आजवर कंपनीच्या नावानं एवढी नेमकी विचारपूस कुणी केली नव्हती. त्यांनी ‘होय’वर दाबलं. मग पासवर्ड मागितला, तोही दिला.

अप्पाराव भोळे, असं म्हणायला आपली हरकत नाही. फक्त तो प्रश्न वाचताना मनातल्या मनात तुम्ही कशावर दाबलंत, ते कुणाला सांगू नका. पासवर्ड नंतरही मागता येतो. भामट्याला आधी तेवढीच माहिती हवी असते.