भालूगुरुजींची पैलवान गाडी

अमरावतीच्या आमच्या भागात कुणी नवी मोटार घेतली की पूजेला भालूगुरुजींना बोलावतात, आणि पूजा आटोपली की गुरुजी त्या मोटारीला नापास करतात.

पूजेत ते काही उणं ठेवत नाहीत. बॉनेटवर स्वस्तिक काढतात, हार घालतात, चाकांखाली लिंबं ठेवतात, नारळ फोडतात. मग मालकाला सांगतात, "लावा चालू." इंजिन सुरू झालं की उजवा तळहात बॉनेटवर ठेवून डोळे मिटतात. घरच्यांना वाटतं, गुरुजी आशीर्वाद देताहेत. बायका पदर सावरून हात जोडतात. गुरुजी थोडा वेळ तसेच उभे राहतात, मग हात पंच्याला पुसतात आणि म्हणतात, "पोचत नाही."

काय पोचत नाही, कुणापर्यंत पोचत नाही, हे विचारलं तर सांगत नाहीत. पेढा तोंडात टाकतात आणि मोपेडवर बसून निघून जातात. एका डॉक्टरांनी तर या दोन शब्दांचा इतका धसका घेतला की दुसऱ्याच दिवशी नवी कोरी गाडी शोरूमला परत नेऊन तपासून आणली.

विजेवर चालणाऱ्या गाड्या आल्या तेव्हा गुरुजींची फारच पंचाईत झाली. आमच्या गल्लीतल्या औषधवाल्यांनी तशी गाडी घेतली. गुरुजींनी बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाले, लावा चालू. औषधवाले म्हणाले, चालूच आहे. गुरुजींनी एक डोळा उघडला, पुन्हा मिटला, हात थोडा सरकवून पाहिला. झोपलेल्या माणसाची नाडी सापडू नये तसा त्यांचा चेहरा झाला. तेवढ्यात औषधवाल्यांचा पाय कुठेतरी लागला असावा. गाडी हूं की चूं न करता पुढे आली आणि लिंबांबरोबर गुरुजींचं तांब्याचं ताम्हनही चेपून गेली. ते चपटं ताम्हन गुरुजी अजून पिशवीत बाळगतात. कुणी बॅटरीच्या गाडीची स्तुती करू लागलं की काढून दाखवतात आणि म्हणतात, "हे पाहा. येताना सांगत बी नाही."

गुरुजींना स्वतःला एकच गाडी हवी आहे. पन्नासएक वर्षांपूर्वीची अमेरिकन मसल कार. मला मोटारींतलं काही कळत नाही. माझा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात गेला. हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला आणि त्याचा अर्थही त्यांनीच सांगितला. "पैलवान गाडी, सर. दोन दारं, लांब नाक आन् पोटात आठ शिलिंडर." तरुणपणी एका यजमानांकडे वास्तुशांतीला नागपूरला गेले असताना त्यांनी ती पाहिली होती. यजमानांनी त्यांना तिच्यातून बसस्टँडपर्यंत सोडलं. तेव्हापासून इतर सगळ्या गाड्या त्यांना कुपोषित वाटतात.

त्यांच्या देवघरात देवांच्या तसबिरींच्या रांगेत शेवटी एका लाल अमेरिकन गाडीचं चित्र आहे, जुन्या कॅलेंडरातून कापलेलं. रोज सगळ्या देवांबरोबर तिच्याही बॉनेटला गंध लागतं. एकदा मी विचारलं, गुरुजी, हे शास्त्रात बसतं का? त्यावर त्यांनी मला शास्त्रच ऐकवलं. पूजेला बायको नवऱ्याच्या उजव्या हाताला बसते की नाही? बसते. आपल्या गाड्यांत ती कुठे बसते? डावीकडे. अमेरिकेच्या गाडीचं स्टिअरिंग डावीकडे असतं, म्हणून बायको आपोआप उजवीकडे येते. "मंग सांगा, शास्त्राले धरून कोन हाय?"

गाडी नाही, पण गाडीची जागा तयार आहे. आमच्या दोघांच्या घरांमध्ये भिंत नाही, एक कमरेएवढं कुंपण आहे, त्यामुळे त्यांचं अंगण मला खिडकीतून दिसतं. कुणीतरी त्यांना गाडीची लांबी सांगितली होती. मोजायला टेप नव्हता, म्हणून त्यांनी आपलं धोतर जमिनीवर अंथरून पाहिलं. "एक धोतर आन् वर हातभर," असा त्यांचा हिशेब निघाला. त्या मापाने चार कोपऱ्यांना चार विटा रोवल्या आहेत. फाटकही तेवढ्यासाठी रुंद करून घेतलं. विटांच्या आत कुणी पाय ठेवलेला त्यांना खपत नाही. दूधवाला, पेपरवाला, नळाचं बिल देणारा, सगळे त्या रिकाम्या जागेला वळसा घालून दाराशी जातात. नवखा कुणी सरळ चालत आला की गुरुजी आतून ओरडतात, "अरे बापा, बॉनेटवर काहून चढून राहिला?"

आणि गुरुजींना मोटार चालवता येत नाही. "दुसऱ्याच्या गाडीवर हात बसला तर मंग मोडत नाही. आपली येऊ द्या, शिकतो," असं ते म्हणतात. त्यांचं वय सत्तरीला टेकलं आहे.

त्यांच्या पत्नी कुसुमवहिनी या सगळ्याची यथेच्छ टिंगल करतात. वहिनींना ऐकू येत नाही. लग्नानंतर काही वर्षांतच कान जायला लागले आणि हळूहळू अगदी गेले. कानात घालायचं यंत्र आणलं होतं, पण ते फक्त शिट्ट्या मारतं म्हणून त्यांनी ते शिवणाच्या डब्यात टाकून दिलं. गुरुजी अजूनही त्यांच्याशी बोलतात, तेही ओरडून, त्यामुळे त्यांच्याकडे आज भाजी कुठली हे सगळ्या गल्लीला कळतं. वहिनींनाच तेवढं ओठांवरून ओळखावं लागतं. उत्तर मात्र त्या चोख देतात. अंगण झाडताना विटांपाशी आल्या की मला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणतात, "भाऊजी, पोराले जागा नाही लागली आमच्या घरी, आता गाडीले लागते."

त्यांना मूलबाळ नाही. हे वाक्य त्या हसत म्हणतात.

गणपतीच्या पूजेला मी दरवर्षी त्यांच्याकडे जात असे. गुरुजी स्वतःच मंत्र म्हणत आणि स्वतःच यजमान असत. वहिनी उजवीकडे बसून, रीतीप्रमाणे, त्यांच्या दंडाला बोटं लावून असत. मला नवल वाटायचं ते हे, की एक अक्षर ऐकू येत नसताना फूल वाहायची वेळ त्या कधी चुकत नसत. मंत्र संपायला आणि त्यांचं फूल पडायला एकच गाठ. मी समजत असे, सवय.

गेल्या गणपतीत त्यांची वेळ चुकली. गुरुजी एका मंत्रावरून दुसऱ्यावर गेले तरी फूल हातातच. गुरुजींनी थांबून त्यांच्याकडे पाहिलं. वहिनी हसल्या, साखरेच्या दुखण्याने बोटं बधिर झालीत म्हणाल्या, आणि फूल वाहिलं. गुरुजी पुढचा मंत्र विसरले. त्यांना मंत्र विसरताना मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर गाडीचा शोध एकाएकी वाढला. चांदूर बाजारपासून अचलपूरपर्यंत जिथे जिथे यजमान होते तिथे निरोप गेले, लांब नाकाची जुनी गाडी कुठे दिसली तर कळवा. लोकांनीही कळवायला सुरुवात केली, कुणी मनापासून, कुणी गंमत म्हणून. गुरुजी प्रत्येक निरोपाला एसटी पकडून गेले. शेंदूरजनाघाटला एका संत्र्याच्या बागेत ताडपत्रीखाली अशी गाडी आहे असं कळलं. ताडपत्री काढली तर आत लांब नाकाचा एक पुराणा ट्रक निघाला आणि त्यातून दोन कोंबड्या. दुसरा कुणी असता तर परत फिरला असता. गुरुजींनी बागवाल्याला तो सुरू करायला लावला, हात ठेवला, आणि हादऱ्याने त्यांचा चष्मा खाली पडला. संध्याकाळी मला कुंपणावरून म्हणाले, "पोचते, सर. चांगलं पोचते. पन ट्रक हाय. आमच्या घरच्यांचे गुडघे चढून नाही देत."

याच दिवसांत माझ्या घरी माझी पत्नी सुधा आजारी होती. पौषात ती गेली. तिचं सगळं भालूगुरुजींनीच केलं. तेराव्या दिवशी लोक गेल्यावर मी त्यांना विचारलं, गुरुजी, हे जे आपण करतो ते पोचतं का? गावातल्या प्रत्येक गाडीबद्दल ज्यांचा निकाल ठरलेला असे, त्या गुरुजींनी ताम्हनातलं पाणी अंगणात ओतलं. मग म्हणाले, "मले नाही माहीत, सर. पन हात लावून ठेवा लागते."

मी पुस्तकांत तोंड घालून बसू लागलो. बाहेर पडणं सोडलं. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी आमच्या दारात उभे, अंगावर धुतलेलं धोतर, खांद्यावर पूजेची पिशवी, मागे नव्या साडीत कुसुमवहिनी. अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगवाल्यांच्या नातवाने पैलवान गाडी आणली होती. खरोखरीची. दिल्लीकडून मोडकी घेऊन दोन वर्षं दुरुस्त करवली होती आणि पूजेला गुरुजींना बोलावलं होतं. मी नको म्हणालो. "पुस्तकं पळून जाऊन राहिली काय?" असं म्हणून गुरुजींनी माझ्या चपला माझ्यासमोर ठेवल्या.

एसटीत वहिनींचं चालूच होतं. या वयात नवरदेव व्हायचं हाय यायले, असं त्यांनी बडनेऱ्याच्या आतच साऱ्या बसला सांगून टाकलं. गुरुजी एरवी उलट बोलले असते. त्या दिवशी मूर्तिजापूर गेलं तरी पिशवी मांडीवर घेऊन खिडकीबाहेर बघत बसले होते.

अकोल्यात ऊन जाळत होतं. बंगल्याच्या आवारात, कडुनिंबाखाली ती उभी होती. काळी, बसकी, रुंद खांद्यांची. मला मोटारीतलं कळत नाही, पण पैलवान हा शब्द मला तेव्हा पटला. गुरुजींनी पूजेत घाई केली नाही. स्वस्तिक, हार, लिंबं, नारळ. मग म्हणाले, "लावा चालू."

इंजिनाच्या आवाजाने कडुनिंबावरची पाखरं उडाली. गुरुजींनी तळहात ठेवला, डोळे मिटले. नेहमीपेक्षा कितीतरी जास्त वेळ ते उभे राहिले. मग त्यांनी हात काढला, पण पुसला नाही.

मालकाने पाकीट पुढे केलं. गुरुजींनी ते घेतलं नाही. "दक्षिना नको. आमच्या घरच्यांना यात पाच मिनिटं बसू द्या. मी इकडं बसतो." तो तरुण भला होता. म्हणाला, मीच चालवतो ना, काकूंना गावातून फिरवून आणू. गुरुजी म्हणाले, फिरायचं नाही, उभीच राहू द्या.

वहिनी आधी बसेनात. लोक हसतील म्हणाल्या. गुरुजींनी दार उघडून धरलं ते सोडलंच नाही, तेव्हा गुडघ्यावर हात देऊन त्या आत बसल्या. गुरुजी स्टिअरिंगमागे बसले. वहिनी त्यांच्या उजवीकडे आल्या आणि इतक्या वर्षांच्या सवयीने त्यांची बोटं आपोआप गुरुजींच्या दंडावर गेली. गुरुजींनी तो हात हलकेच उचलला आणि समोरच्या डॅशबोर्डवर पालथा ठेवला. त्यावर आपला हात ठेवला. मालकाने खिडकीतून वाकून किल्ली फिरवली. कुठला पाय दाबायचा ते सांगितलं. गुरुजींनी अनवाणी पायाने दाबला.

काचा थरथरल्या. वहिनींच्या कानातले डूल थरथरले. त्यांनी आधी आपल्या हाताकडे पाहिलं, मग छातीला दुसरा हात लावला. बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. वहिनी गाडीच्याही वर ओरडल्या.

"अवो, आला. तुमच्या दंडातून मंत्र यायचा, तसाच आला."

गुरुजींनी पाय काढला नाही. त्यांचे ओठ हलू लागले. आम्हाला बाहेर काहीच ऐकू येत नव्हतं, पण ते काय म्हणत होते ते मला ओठांवरून कळलं. गणपतीचा मंत्र होता, गेल्या वेळी विसरलेला. म्हणत म्हणत प्रत्येक ओळीला ते पाय दाबत होते आणि सोडत होते. वहिनी मान डोलवत होत्या. मंत्र संपला तेव्हा त्यांनी आपल्या वेणीतलं मोगऱ्याचं एक फूल काढलं आणि डॅशबोर्डवर ठेवलं. वेळ चुकली नाही.

परतताना बसमध्ये वहिनींना झोप लागली, गुरुजींच्या उजव्या खांद्यावर. गुरुजी मला हळू आवाजात म्हणाले, जणू त्या ऐकतील, "आधी मले नुसती गाडी पायजे होती सर, हौस म्हनून. खोटं काहून बोलू? मंग कानांमागं त्यायची बोटं बी जाऊ लागली. मी म्हनलं, पोचनारी पायजे."

"मग आता काय करणार?" मी विचारलं. तसली गाडी त्यांना या जन्मात मिळणं कठीण, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

"घेनार," गुरुजी म्हणाले. "आता तं पोचते हे बी कळलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे खराट्याचा आवाज आला म्हणून मी खिडकी उघडली. सुधा गेल्यापासून ती खिडकी मी उघडली नव्हती. कुसुमवहिनी अंगणात होत्या. अंगण झाडून झालं होतं. अकोल्याची गाडी त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती आणि ती धोतर आणि हातभराहून मोठी होती. त्यांनी पुढच्या दोन्ही विटा उकरून काढल्या, पावलांनी अंतर मोजलं आणि थोड्या पुढे रोवल्या. मग कंबरेवर हात ठेवून बघत राहिल्या. आता नाक तुळशीच्या कुंडीला लागत होतं.

त्यांनी मला खिडकीत पाहिलं आणि हाक मारली. "भाऊजी, या बरं जरा. एका हाताने नाही सरकत हे."

मी चपला घातल्या, विटांना वळसा घालून गेलो, आणि आम्ही दोघांनी मिळून तुळस बाजूला सरकवली.